डॉक्टरांची रवानगी

आमच्या डॉक्टरांना आयुष्यात एकदाच चौथा नंबर मिळाला, आणि तो दिला त्यांच्या पोटच्या पोरीने. त्यानंतर आठ दिवस दवाखान्यात कुणाची धडगत नव्हती. इंजेक्शनचा ट्रे वाकडा ठेवला म्हणून मी बोलणी खाल्ली, सरळ ठेवला म्हणूनही खाल्ली. एकतीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली सिस्टर आहे. त्यांचा राग कुठून निघतो आणि कुठे जाऊन आदळतो ते मला पाठ आहे. खरा राग ज्याच्यावर असतो तो सोडून बाकी सगळ्यांवर तो निघतो.

दवाखाना आमचा चौदा खाटांचा. बाळंतपणं, ताप, मोडलेले हात, हर्निया, अपेंडिक्स. रस्त्यावर काही झालं की पहिला पेशंट आमच्याच दारात येतो, कारण दुसरं दार वीस मिनिटांवर आहे. रुग्णवाहिका एकच, आणि ती चालवतात आमचे हे. म्हणजे दवाखान्यातही गाडीचे टायर आणि घरी जेवायला बसल्यावरही गाडीचे टायर. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी क्लचप्लेटवर गेली असतील.

डॉक्टरांची मुलगी या दवाखान्यातच मोठी झाली. ड्रेसिंगच्या टेबलाखाली बसून तिने पाढे पाठ केले, आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून त्यांची घरं बांधली म्हणून माझा मारही खाल्ला. तिची आई गेली तेव्हा ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही तिला चिमणी म्हणतो. आता ती पन्नास मिनिटांवरच्या मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात सर्जन आहे, हाताखाली दहा माणसं आहेत, पण आमच्या दारातून आत आली की चिमणीच. मला ती मावशी म्हणते आणि माझ्याच डब्यातलं खाते.

तर त्या सोमवारी चिमणी आली ती एक फाइल घेऊन. या भागातले सगळे दवाखाने बघायचे, अपघाताचा पेशंट आला तर कोण किती करू शकतं ते लिहायचं, आणि प्रत्येकाला श्रेणी द्यायची, असं काम तिच्याकडे आलं होतं. डॉक्टरांनी नवा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "सिस्टर, तिला काहीही विचारू दे, आपण लपवायचं नाही." लपवण्यासारखं आमच्याकडे होतं काय, तर गळका नळ.

चिमणी विचारत गेली. "रक्तपेढी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"भूल देणारे डॉक्टर?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी येतात."

"मग बुधवारी पडलेल्या माणसाने काय करायचं?"

"शुक्रवारपर्यंत कळ काढायची," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चहा आणायला गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मग तिने रवानगीचं रजिस्टर मागितलं. आमच्याकडे पद्धत अशी की पेशंट पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायचा तर तो कधी आला, कधी निघाला, का पाठवला, हे मी लिहायचं आणि खाली डॉक्टरांनी सही करायची. त्या सहीशिवाय आमची गाडी कधी हललेली नाही. ही पद्धत डॉक्टरांचीच. एकदा म्हणे कुणीतरी भलताच पेशंट गाडीत घालून दिला होता, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. चिमणी ते रजिस्टर घेऊन दुपारभर बसली आणि चार वाजता बाहेर आली.

"बाबा, गेल्या वर्षी तुम्ही अपघाताचे एकेचाळीस पेशंट आमच्याकडे पाठवले. आल्यापासून निघेपर्यंत सरासरी दोन तास चाळीस मिनिटं."

"मग? दोन तास चाळीस मिनिटं मी काय गोट्या खेळत होतो?"

"तुम्ही एक्स-रे काढत होता. टाके घालत होता. सोनोग्राफी बघत होता. मोडलेल्या हाताला सुंदर प्लास्टर घालत होता. ते प्लास्टर आम्ही तिकडे कापून काढतो, बाबा. त्या माणसाच्या पोटात रक्तस्राव चालू असतो आणि आम्ही आधी त्याचं प्लास्टर कापत बसतो."

चिमणीने सांगितलं ते सरळ होतं. मोठा दवाखाना पहिल्या श्रेणीचा. भिंतींचे पोपडे निघालेत, बाकावर बसायला जागा नाही, पण तिथे ऑपरेशन थिएटर, रक्त आणि सर्जन चोवीस तास तयार असतात. वाटेत वीस मिनिटांवर जो दवाखाना आहे, ज्याला आम्ही काचेचा दवाखाना म्हणतो, तो तिसऱ्या. स्कॅनचं मशीन झकास, पण सर्जन दुपारी चारनंतर येतात. आणि आम्ही चौथ्या. काम एवढंच की श्वास चालू ठेवायचा, रक्त थांबवायचं, सलाइन लावायचं, मोडलेलं हाड हलणार नाही असं बांधायचं, आणि अर्ध्या तासाच्या आत पाठवायचं.

"म्हणजे मी नापास," डॉक्टर म्हणाले.

"ही परीक्षा नाही हो. त्या माणसाला पहिला हात तुमचाच लागतो. बाकी सगळे त्याच्यानंतर."

"चौथा म्हणजे चौथा." आणि ते आत जाऊन बसले.

चिमणी माझ्यामागे औषधांच्या खोलीत आली. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "मावशी, छपरावरून पडलेला तो रंगारी आठवतो?" मला आठवत होता. तरणाताठा माणूस, गुडघ्याचा चुरा झालेला. डॉक्टरांनी त्याला तीन तास ठेवला होता. "तासाभर आधी आला असता तर कदाचित पाय वाचला असता," चिमणी म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." मी नाही सांगितलं. पण माझ्या मनातून तो पाय काही जाईना.

डॉक्टर पेशंट का ठेवून घेतात ते मला ठाऊक आहे. त्यांना शस्त्रक्रियेची हौस आहे म्हणून नाही, की मोठेपणा म्हणूनही नाही. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, तुम्हीच बघा ना. तिथे आम्हाला कोण ओळखतं?" हे वाक्य ऐकलं की या माणसाचं लोणी होतं. मग ते म्हणतात, "बरं, जरा बघू. दोन तास बघू." आणि खरंच खाटेशेजारी खुर्ची टाकून बसून राहतात. त्यांच्याइतका मायेने बसणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्या त्या मायेची मला चिमणी येऊन गेल्यापासून भीती वाटायला लागली होती.

चिमणीने जाताना भिंतीवर एक तक्ता लावला. कुठल्या दवाखान्यात काय आहे आणि किती वाजता आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्यावर औषधकंपनीचं कॅलेंडर टांगलं. मी रोज सकाळी कॅलेंडर उचलून तक्ता वाचायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. ते बघायचे, पण बोलायचे नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यातला बुधवार. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकला आणि पाणी वाहायला लागलं. नळवाल्याला बोलवायचं सोडून डॉक्टर स्वतः वर चढले. सासष्ट वय, पायात चपला, आणि ती लोखंडी शिडी जिची एक पायरी केव्हाची निखळलीय. ती पायरी निखळलीय हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आवाज झाला तेव्हा मी खाली ड्रेसिंग करत होते. मी जिन्यापर्यंत पोचले तर डॉक्टर आपल्या पायांनी खाली येत होते, पँटवरची धूळ झटकत.

"काही नाही. कठड्यावर पडलो. जरा बरगडीला लागलं."

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. हे मी बघितलं ते सवयीने.

मी त्यांना खाटेवर निजवलं. निजवलं म्हणजे ढकललंच. नाडी शहाण्णव, प्रेशर एकशे वीस. डाव्या बरगड्यांवर हाताच्या पंजाएवढा लाल पट्टा उमटलेला. ते म्हणाले, "बर्फ लावा आणि तो फ्लोट बघायला सांगा कुणाला तरी." मग डावा खांदा चोळायला लागले.

"खांद्याला लागलं का?" मी विचारलं.

"नाही. आपटला असेल."

बरगडीला मार आणि दुखतो खांदा, तर आत पोटात रक्त साठतंय असं समजायचं, हे मला याच माणसाने शिकवलं होतं, सायकलवरून पडलेल्या एका मास्तरांच्या वेळी. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा घोकून घेतलं होतं. आणि आज स्वतःचा खांदा चोळत म्हणत होते, आपटला असेल.

"डॉक्टर, तुम्हाला पाठवायला हवं."

"कुठे?"

"पोरीकडे. आणखी कुठे?"

"उगाच घाई करू नका. सोनोग्राफी बघू, मग ठरवू."

आता आमच्याकडे सोनोग्राफी करतात कोण, तर डॉक्टर. दुसऱ्या कुणाला येत नाही. त्यांनी धाकट्या सिस्टरला मशीन आणायला सांगितलं, तीही बिचारी हुकमाची ताबेदार, ढकलत घेऊन आली. आणि हे महाशय स्वतःच स्वतःच्या पोटाला जेल लावून, मान वाकडी करून पडद्यावर बघायला लागले. मी सांगते, तो देखावा दुसऱ्या कुठल्याच दवाखान्यात झाला नसता. आम्ही दोघी मूर्खासारख्या उभ्या. मीसुद्धा! पडदा जरा इकडे फिरवा म्हणाले तर मी फिरवला. चार मिनिटं गेली यात. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला, थंड घाम, आणि मी पोटावर फिरवायचा तो दांडा त्यांच्या हातातून काढून घेतला.

नाडी एकशे दहा. प्रेशर एकशे आठ.

"निरीक्षणाखाली ठेवा," ते म्हणाले. "दोन तास."

"कुणाच्या निरीक्षणाखाली? तुमच्या?"

दोन्ही हातांत मोठ्या सुया घातल्या, सलाइन लावलं, प्राणवायू लावला. तिकडे रक्त जुळवायला वेळ जाऊ नये म्हणून नमुना काढून बाटलीवर नाव लिहिलं. हात आपोआप चालत होते, ते बरं होतं, कारण डोकं चालत नव्हतं. आमच्या ह्यांनी गाडी दाराशी लावली. मी चिमणीला फोन लावला. मी सांगितल्यावर तिचा आवाज आला तो आमच्या चिमणीचा नव्हता, अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंचा होता.

"नाडी?"

"एकशे चौदा."

"प्रेशर?"

"शंभर."

"निघ मावशी. वाटेत कुठेही थांबू नकोस. काचेच्या दवाखान्यात सर्जन—"

"चारला येतात. कॅलेंडरखाली वाचलंय मी."

आणि तेवढ्यात धाकटी सिस्टर रजिस्टर आणि पेन घेऊन डॉक्टरांसमोर उभी. पेशंट पाठवायचा तर डॉक्टरांची सही नको का! तिचंही चूक नाही, इतकी वर्षं आम्ही तिला तेच सांगत आलो. डॉक्टरांनी रजिस्टर हातात घेतलं, मी घाईत लिहिलेलं वाचलं, एका ठिकाणी माझं अक्षर सुधारलं, आणि पेन परत दिलं.

"मी सही करणार नाही. मला जायचं नाही."

"का?"

"तिथे मला कोण ओळखतं?"

मला हसावं की रडावं कळेना. "तुमची मुलगी आहे तिथे!"

"म्हणूनच," ते हळूच म्हणाले. "तिने बघायला नको मला असं."

आत्तापर्यंत मी या माणसाचं एकही सांगणं मोडलं नव्हतं. तोंडावर कुरकुर केली, पाठीमागे नावं ठेवली, पण मोडलं कधी नाही. त्या दिवशी मी रजिस्टर ओढून घेतलं आणि त्यांच्या सहीच्या जागी माझी सही केली. वेळ लिहिली अकरा एकतीस. मग त्यांना उचलून गाडीत घातलं. ते म्हणाले, "सिस्टर, हे नियमात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा नंतर."

गाडीत मी त्यांच्या उशाशी. ह्यांनी भोंगा लावला. एरवी गाडी चालवताना हे सतत बोलतात, त्या दिवशी तोंडाला कुलूप. वीस मिनिटांनी काचेचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा नाडी एकशे अठ्ठावीस होती आणि प्रेशर नव्वद. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"थांबू?"

खरं सांगते, मोह झाला. ती स्वच्छ काच, तो उतार, दारात उभी असलेली नवीकोरी चाकाची खुर्ची. वळलं की झालं. आत डॉक्टर असतील, मशीन असेल, आणि माझ्या एकटीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. आणि नाही थांबलो आणि पुढे रस्त्यात काही झालं, तर जन्मभर सगळे विचारतील की दवाखान्यावरून गाडी पुढे नेलीच कशी. चिमणीही विचारेल. कदाचित मीच विचारीन.

डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले, "थांबवा... स्कॅन बघू..."

घड्याळात बारा वाजायला नऊ मिनिटं होती. तिथे स्कॅन होईल, रिपोर्ट येईल, मग ते सांगतील की पोटात रक्त आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. ते तर मला आत्ताच ठाऊक होतं. मला तो रंगारी दिसला.

"पुढे चला," मी ह्यांना म्हटलं.

पुढची तीस मिनिटं मी डॉक्टरांना झोपू दिलं नाही. काय बोलणार? मी त्यांना शिव्या द्यायला सुरुवात केली. एकतीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मला बाळंतपणाला बोलावलंत. माझी छत्री नेलीत ती आजतागायत परत केली नाहीत. चिमणीची आई गेल्यावर तुम्ही वर्षभर नीट जेवला नाहीत आणि मला वाटत राहिलं की आता तुम्हीही जाणार. ती निखळलेली शिडी दहा वर्षं दुरुस्त केली नाहीत. त्यांचा हात गार पडत चालला होता, मी तो चोळत होते आणि बोलत होते. छत्रीच्या वेळी ते पुटपुटले, "खोटं." मला इतका आनंद झाला की मी छत्रीचं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकात चिमणी उभी होती, बरोबर चार माणसं आणि स्ट्रेचर. तिने एकदाच वडिलांच्या कपाळावर हात ठेवला. मग ती बाजूला झाली. आपल्या माणसावर आपण शस्त्रक्रिया करायची नाही असा त्यांचा नियम आहे, त्यामुळे दुसरे सर्जन तयार होते. त्यांनी मला फक्त विचारलं, "काय झालं, कधी झालं, काय केलं?" मी चार वाक्यांत सांगितलं, रक्ताची बाटली हातात दिली. दहाव्या मिनिटाला डॉक्टर थिएटरच्या दारातून आत गेले. आजूबाजूला नुसता गलका, जमिनीवर माणसं, भिंतीला ओल. पण त्या स्ट्रेचरपुढे प्रत्येक दार आपोआप उघडत गेलं, कुणालाही काही विचारावं लागलं नाही.

मग आम्ही दोघी बाकावर. चिमणी बोटाची नखं कुरतडत होती, लहानपणी कुरतडायची तशी. मी तिचा हात तोंडातून काढला, तिने परत घातला. "रोज मी आत असते मावशी," ती म्हणाली. "बाहेर इतकं लांब वाटतं हे मला माहीतच नव्हतं."

पावणेदोन तासांनी सर्जन आले. प्लीहा फाटली होती, काढून टाकली. पोटात दोन लिटर रक्त होतं. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "आणखी अर्धा तास गेला असता तर मी तुमच्यासमोर वेगळं काही बोलत असतो." चिमणी माझ्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडली. मीही रडले. समोरच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईने उठून आम्हा दोघींना पाणी दिलं.

पहिले दोन दिवस डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत. नाकात नळी होती हे खरं, पण चिमणीशी खाणाखुणा करत होते आणि मला पाहिलं की डोळे मिटत होते. तिसऱ्या दिवशी नळी काढली. मी गेले तर म्हणाले, "किती मिनिटं लागली? आपल्याकडे?"

"एकोणीस."

ते छताकडे बघत राहिले. "त्यातली तीन माझी. सोनोग्राफीची."

"चार."

"तो रंगारी," ते म्हणाले, "मी त्याला तीन तास ठेवला. पायाचं मला माहीत आहे. चिमणीने सांगितलं नाही, पण त्या दिवशी औषधांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड मी पाहिलं होतं, आणि रजिस्टर त्याच्याच पानावर उघडं होतं. तो मला म्हणाला होता, तिथे माझं ओळखीचं कुणी नाही. मला वाटलं, घाबरलाय, जरा बसू याच्याजवळ. मी बसलो होतो सिस्टर. सगळा वेळ बसलो होतो."

"मला माहीत आहे."

"आणि मी पण तुम्हाला तेच म्हणालो."

"म्हणालात. आणि मी ऐकलं असतं तर तुम्ही मेला असतात," मी म्हटलं. माझा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "तुम्ही मेला असतात तर मी कुणाला घाबरले असते? कुणाची बोलणी खाल्ली असती? एकतीस वर्षं झाली, आता नव्याने दुसऱ्या कुणाला घाबरायला शिकायचं वय आहे का माझं?"

त्यांनी पांघरुणाचं टोक माझ्याकडे सरकवलं, डोळे पुसायला. पांघरूण सरकारी, त्याला फिनेलचा वास. मी आपला पदरच वापरला.

दवाखाना तोवर चिमणीने पाठवलेला एक तरुण डॉक्टर बघत होता. शांत, कामापुरतं बोलणारा पोरगा. मला आपला सारखा चुकल्यासारखं वाटायचं, कारण ओरडायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी बारा वाजता एका बाईला आणलं. गिरणीत काम करणारी, चाळिशीची. मागे येणारा ट्रक आणि भिंत यांच्या मधे सापडली होती. शुद्धीवर होती, पण पांढरीफटक. तरुण डॉक्टरने पोटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुया घालायला सुरुवात केली होतीच. गाडी दाराशी लागली तशी त्या बाईने खाटेचा गज धरला आणि सोडेना.

"मला इथेच ठेवा हो बाई. मी त्या मोठ्या दवाखान्यात कधी गेले नाही. तिथे माझं कोण आहे?"

बरोबर फक्त गिरणीचा मुकादम, तोही घाबरून थरथरणारा. तिची समजूत कशी घालावी कळेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे डॉक्टर आहेत ना तिथे! आठ दिवस तिथेच आहेत. ते भेटतील तुम्हाला."

"खरं?"

"खरं."

तिने गज सोडला. मी रजिस्टरमध्ये सही केली, धाकट्या सिस्टरला बरोबर दिलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडता पडता डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, एका बाईला शब्द दिलाय, निदान वॉर्डातून निरोप तरी पाठवा. मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी मधेच तोडलं.

"कधी आली?"

"बारा चारला."

"आणि निघाली?"

"आत्ता, बारा एकवीस."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. शाबासकी नाही, काही नाही. मी धुसफुसत ट्रे आवरायला लागले.

सव्वा तासाने चिमणीचा फोन. आवाज असा की मी फोन कानापासून लांब धरला. "मावशी, तू बाबांना काय सांगितलंस? मी राउंडला गेले तर खाट रिकामी! सगळा वॉर्ड पालथा घातला. आणि हे कुठे? तर अपघाताच्या फाटकात, भर उन्हात, चाकाच्या खुर्चीत, दवाखान्याच्या झग्याची बटणं वरखाली लावलेली, हातात सलाइनचा स्टँड! अर्धा तास तिथे बसले होते. रखवालदाराला म्हणाले, आमचा पेशंट येतोय. कालच पोटाचे टाके काढलेत मावशी!"

"आणि ती बाई?"

"पोचली. वेळेत पोचली. गाडीचं दार उघडल्याबरोबर बाबांनी तिचा हात धरला, म्हणाले, मी आहे, चला. तसेच थिएटरच्या दारापर्यंत गेले, स्ट्रेचरच्या शेजारी, खुर्ची रखवालदार ढकलतोय. आमची माणसं हटवायला लागली तर तीच हात सोडेना. शेवटी आतच नेलं दोघांना, भूल देईपर्यंत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"भूल दिली, तरी अजून आतच बसलेत," ती म्हणाली. "बाहेर आले की मी त्यांना असं ओरडणार आहे ना!"

"ओरड," मी म्हटलं. "पण आधी त्यांना पोटभर बसू दे तिथे."